पडद्यावरची किंमत आणि दारातली किंमत

निवृत्तीनंतर मुलाजवळ राहावे म्हणून मी चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी या उपनगरात आलो, त्यास आता सहा वर्षे होत आली. महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या, म्हणजे आजच्या राजीव गांधी सालैच्या दोन्ही अंगांस संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या मागील गल्ल्यांत मात्र जुने पेरुंगुडी अजून नांदते आहे. तेथे पंक्चर काढणारे आहेत, टायर विकणारे आहेत, सायकलीवरून इडली विकणारेही आहेत. आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या आतील बाजूस काढल्यामुळे कोणताही व्यवहार समोर आला की त्याच्या दोन्ही बाजू मांडून पाहण्याची सवय जडली आहे. गेल्या फेब्रुवारीत या सवयीस आमच्या घरातच काम मिळाले.

चिरंजीवांच्या मोटारीचे टायर झिजले होते. एके रात्री त्याने संगणकाच्या पडद्यावर मला एक जाहिरात दाखविली. एका परदेशी संकेतस्थळावर चार चकचकीत अलॉय व्हील, त्यांवर चढविलेले चार नवे टायर आणि शेजारी लाल अक्षरांत हंगाम-अखेरची सवलत. "बाबा, इथल्यापेक्षा जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतात. दादाने कॅनडात असेच सीमेपलीकडून मागवले होते की नाही?" त्याचा प्रश्न रास्त होता. मी चष्मा पुसून जाहिरात पुन्हा पाहिली. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचे एक स्फटिक असे चिन्ह होते. हे टायर बर्फातल्या हिवाळ्यासाठी बनविलेले होते, आणि आम्ही बसलो होतो पेरुंगुडीत, जेथे फेब्रुवारीतही रात्री पंखा लागतो.

आम्ही दोघेही हसलो. पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, असे मला नंतर वाटू लागले. चांगला शिकलेला, रोज संगणकावर काम करणारा माणूस केवळ किंमत पाहून आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची वस्तू सात समुद्रांपलीकडून मागविण्यास तयार होतो, तेव्हा त्या किमतीत काय आहे आणि काय नाही याचा विचार आपण सर्वांनीच केला पाहिजे. माझे मत आरंभीच सांगतो. सीमेपलीकडून वस्तू मागविण्यात गैर काहीच नाही. परंतु वस्तू सीमा ओलांडते तेव्हा तिच्यामागची जबाबदारी बहुधा पलीकडेच राहते, आणि तिचे मोल पडद्यावरील किमतीत धरलेले नसते.

भाच्याचा हिशेब

प्रथम माझ्या भाच्याची बाजू मांडतो, कारण त्याने केले ते त्याच्या जागी योग्यच होते. तो कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरी राहतो. त्या भागात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि नव्याने तेथे गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात दोन खर्च हमखास करावे लागतात. एक जाड कोटांचा आणि दुसरा हिवाळी टायरांचा. शेजारच्या क्वेबेक प्रांतात तर २००८ सालापासून हिवाळ्यात असे टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. २०१९ पासून त्याची मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. ओंटारिओत अशी सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्यांस विमा कंपन्यांनी हप्त्यात सवलत दिली पाहिजे, असा नियम तेथे २०१६ पासून आहे.

या टायरांमागे शास्त्र आहे. साध्या टायरचे रबर तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहावे असे घडविलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा आणि असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरून ठेवतात. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने १९३४ साली जगातील पहिला हिवाळी टायर मालमोटारींसाठी बनविला, आणि दोनच वर्षांनी प्रवासी मोटारींसाठीही. म्हणजे ही विद्या सुमारे नव्वद वर्षांची आहे.

भाच्याने टायर रिमसकट घेतले, त्यामागेही विचार होता. टायर दर वर्षी दोनदा रिमवरून उतरवून पुन्हा चढविण्यापेक्षा सबंध चाकच बदलले की मजुरी वाचते, टायरच्या कडाही शाबूत राहतात. शिवाय बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर जे मीठ टाकतात त्याने महागडी अलॉय व्हील खराब होतात. म्हणून हिवाळ्यासाठी साधी पोलादी रिम बरी. अमेरिकेतील एका विक्रेत्याकडे ही चाके स्वस्त होती. ती घरपोच मागविली तर कुरिअर कंपनी सीमेवरील कागदपत्रांसाठी वेगळी दलाली लावते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने ती नायगाराजवळ, अमेरिकेच्या हद्दीतील एका पार्सल-गुदामात मागविली आणि शनिवारी मोटारीने जाऊन आणली.

"मामा, मी सगळा हिशेब आधी कागदावर मांडला होता," असे तो मला दूरध्वनीवर म्हणाला. अमेरिकी डॉलर विकत घेण्याचा दर, गुदामाचे भाडे, येण्याजाण्याचे पेट्रोल, पुलाचा टोल आणि परतताना सीमेवर भरावयाचा तेरा टक्के विक्रीकर. एका दिवसाच्या फेरीत खरेदी केली तर कॅनडाच्या रहिवाशास कोणतीही करमाफी मिळत नाही, हेही त्याने धरले होते. एवढे सारे वजा जाता त्याचे सुमारे दीडशे डॉलर वाचले. टायरची बनावट दोन्ही देशांत एकाच प्रकारची, मोटारही त्याच बाजारपेठेसाठी घडविलेली, आणि काही बिघाड निघालाच तर दुकान दीड तासाच्या अंतरावर. अशा वेळी सीमा ही केवळ एक चौकी असते.

तरीही गेल्या हिवाळ्यात घरातील दुसऱ्या मोटारीसाठी त्याने टायर मिसिसागातच घेतले. कॅनडाने ४ मार्च २०२५ पासून अमेरिकेहून येणाऱ्या अनेक वस्तूंवर २५ टक्के प्रतिशुल्क लावले आणि १ सप्टेंबरपासून त्यांतील बऱ्याच वस्तूंवरून ते उठविले. सहा महिन्यांत नियम असे दोनदा फिरल्यावर त्याने कागद बाजूला ठेवला. मागणी नोंदविताना एक शुल्क आणि माल हाती घेताना दुसरे, अशी शक्यता असेल तर दीडशे डॉलरच्या बचतीला अर्थ उरत नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

पेरुंगुडीचा हिवाळा

आता आमच्या पेरुंगुडीकडे वळतो. आपल्या महाराष्ट्रात पाऊस ओसरतो तेव्हा चेन्नईचा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे महिने. पेरुंगुडीला लागूनच पल्लिकरणैची दलदल आहे. एके काळी आसपासचे सारे पाणी तीत मुरत असे. २०२२ साली तिला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, पण तिचे पूर्वीचे विस्तीर्ण क्षेत्र आता पुष्कळ आक्रसले आहे. त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी रस्त्यांवर येते. २०१५ चा डिसेंबर चेन्नईकर विसरलेले नाहीत, आणि २०२३ च्या डिसेंबरातील मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी तर आम्ही स्वतः दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकून पडलो होतो. त्यात गेली काही वर्षे मेट्रोच्या कामामुळे मुख्य रस्ता अरुंद झालेला आणि जागोजागी उखडलेला.

मुलाचा युक्तिवाद असा होता की, या टायरांच्या खाचा खोल आहेत, तेव्हा ते पावसातही चांगलेच चालतील. वरवर पाहता हे पटते. परंतु थंडीसाठी मऊ ठेवलेले रबर एप्रिल-मे महिन्यांतील तापलेल्या डांबरावर झपाट्याने झिजते. गाडी वळताना ते लिबलिबीत वाटते आणि कोरड्या, उष्ण रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर घेते. ज्या गुणाने ते मिसिसागात प्राण वाचवितात तोच गुण चेन्नईत दोष ठरतो. येथे हवा पावसाचे पाणी चटकन बाहेर फेकणारा, उष्ण प्रदेशासाठी घडविलेला टायर. आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारने मोटारींच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, गडगडण्यातील अवरोध आणि आवाज यांची मानके लागू करण्याची अधिसूचना काढली, ती याच विचाराने.

चाकांचीही गोष्ट निराळी नाही. रिमचा व्यास जुळला म्हणजे चाक बसले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात नटांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप आणि चाक आत-बाहेर किती बसते तो ऑफसेट, एवढे सगळे जुळावे लागते. परदेशी बाजारात त्याच नावाने विकली जाणारी मोटार आपल्या मोटारीसारखीच असेल याची शाश्वती नसते. चाकात बसविलेला हवेचा दाब सांगणारा संवेदकदेखील अमेरिकेत बहुधा एका लहरीवर चालतो आणि युरोपात दुसऱ्या. तसेच मूळ चाके बदलून वेगळ्या मापाची घातली तर ते विमा कंपनीस कळवावे लागते, हे कित्येकांच्या गावीही नसते.

चार आण्यांची कोंबडी

आता हिशेब. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्या पूर्वजांनी दूरदेशीच्या खरेदीसाठीच रचली असावी, असे वाटावे इतकी ती येथे चपखल बसते. टायर चढविलेल्या मध्यम मोटारीच्या एका चाकाचे वजन अठरा-वीस किलो. चार चाकांचे सत्तर-ऐंशी किलो. एवढे ओझे विमानाने आणण्याचे भाडे कित्येकदा मालाच्या किमतीच्या आसपास जाते.

सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जाते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः ते वस्तूची किंमत, वाहतुकीचे भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर आकारले जाते.  त्या शुल्कासह जी रक्कम होईल तिच्यावर पुढे एकात्मिक वस्तू व सेवा कर लागेल. याउलट २२ सप्टेंबर २०२५ पासून देशात मोटारींच्या नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे ज्या वेळी चिरंजीव परदेशी सवलतीकडे पाहत होते, त्या वेळी गल्लीतील दुकानातही किंमत उतरलेली होती. ती त्याने विचारलीच नव्हती.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. मोटारींच्या टायरांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश सरकारने २००९ साली काढला. त्यापुढे जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरांची आयात 'मुक्त' वर्गातून काढून 'निर्बंधित' वर्गात टाकली, म्हणजे ती परवान्याविना होऊ नये असे ठरविले. तेव्हा चिरंजीवांनी पैसे भरले असते तरी माल चेन्नईच्या सीमाशुल्क यंत्रणेत अडकून पडण्याचीच शक्यता अधिक होती. परदेशी संकेतस्थळाने मात्र त्याच्याकडून पैसे घेण्यास क्षणभरही कुचराई केली नसती. आपल्या देशाचा कायदा जाणून घेण्याची जबाबदारी मागविणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नव्हे.

"मग दादालाच सांगतो, तो भेट म्हणून पाठवील," अशी पळवाट मुलाने सुचविली. अशा पळवाटेचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. पूर्वी परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्कात सूट असे. परदेशी विक्रेत्यांनी विक्रीचा मालच भेट म्हणून पाठविण्याचा सपाटा लावला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती वाट बंद केली. त्यातून वगळल्या त्या फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्या. कायद्याचा भाग सोडला तरी खोट्या नावाने मागविलेल्या वस्तूबद्दल तक्रार कोणत्या तोंडाने करणार? भेटीची ना पावती असते, ना हमी.

पैसा जातो लवकर, येतो सावकाश

बँकेच्या वाचकांस यातील पुढचा भाग अधिक जवळचा वाटेल. परदेशी संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरले की पडद्यावर दिसणारा रुपयांतील आकडा अंतिम असतोच असे नाही. चलनाचा दर बहुधा व्यवहाराचा हिशेब पुरा होतो त्या दिवशीचा लागतो. त्यावर कार्ड देणाऱ्या बँकेचे चलन-रूपांतर शुल्क आणि त्या सेवेवरील कर असतो. माल परत केला तर रक्कम त्या दिवशीच्या दराने परत येते, आणि दोन्ही वेळचा फरक ग्राहकाच्या माथी पडतो. शिवाय चार चाके परत पाठविण्याचे भाडे कोण देणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

रिझर्व्ह बँकेने देशांतर्गत ऑनलाइन कार्ड-व्यवहारांस दुसऱ्या टप्प्याची पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. आपल्याला त्या सांकेतिक अंकांची इतकी सवय झाली आहे की, ते मागितले गेले नाहीत तरच आश्चर्य वाटावे. परदेशी विक्रेत्यांकडे मात्र कित्येकदा केवळ कार्डाच्या क्रमांकावर व्यवहार होऊन गेलेले आहेत. म्हणूनच २०२० साली रिझर्व्ह बँकेने असा नियम घातला की, नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः सुरू केल्याखेरीज चालू होऊ नये आणि त्याची मर्यादा ग्राहकाने स्वतः ठरवावी. ही सोय आपण वापरतो का? खरेदीपुरती परवानगी सुरू करावी, मर्यादा तेवढ्याच रकमेची ठेवावी आणि काम होताच ती बंद करावी. अनधिकृत व्यवहार दिसताच बँकेस त्याच दिवशी कळवावे. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची जी तत्त्वे घालून दिली, त्यांत ग्राहकाने किती दिवसांत कळविले यास मोठे महत्त्व होते. मात्र आपण स्वतःच दिलेल्या मागणीचा माल वाईट निघाला तर तो अनधिकृत व्यवहार ठरत नाही. तेथे विक्रेत्याविरुद्ध कार्डामार्फत दाद मागण्याची लांब आणि कागदोपत्री वाट धरावी लागते.

याहून वाईट प्रसंग मी नोकरीत असताना पाहिला आहे. मी एका जिल्ह्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक निवृत्त शिक्षिका मुदतठेव मोडण्यास आल्या. परदेशातून त्यांच्या नावे पार्सल आले आहे, ते सीमाशुल्क कार्यालयात अडले आहे आणि सोडविण्यासाठी अमुक खात्यात तातडीने पैसे भरा, असा दूरध्वनी त्यांना आला होता. ते खाते एका व्यक्तीचे होते. आमच्या काउंटरवरील सहकारी भगिनीने सहज विचारले, "बाई, सरकारी शुल्क खासगी माणसाच्या खात्यात कसे भरायचे?" त्या एका प्रश्नाने बाई भानावर आल्या आणि त्यांची ठेव वाचली. आजही हा डाव नित्य खेळला जातो. सीमाशुल्क विभाग व्यक्तीच्या खात्यात पैसे मागत नाही. त्या विभागाच्या अधिकृत पत्रांवर २०१९ पासून एक ओळख-क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. आणि काउंटरवरील माझ्या तरुण सहकाऱ्यांस सांगणे असे की, तो एक साधा प्रश्न विचारण्यास कधी संकोचू नका.

घराजवळचे दुकान

हे वाचून कोणी म्हणेल की, आजोबांना संगणकाचा राग आहे. तसे मुळीच नाही. गल्लीतील दुकानदार सारेच साधुसंत नसतात, हेही मी जाणतो. जुना साठा नवा म्हणून गळ्यात मारणारे आहेत, पावती मागितली की कपाळावर आठ्या घालणारे आहेत. त्यांच्यापुढे ग्राहक पूर्वी अगदी असहाय असे. आज महाजालामुळे तो माहितगार झाला आहे, आणि ही फार मोठी गोष्ट आहे.

टायरच्या कडेवरील अक्षरे वाचावयास मी स्वतः असाच शिकलो. २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले असेल तर रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि रिमचा व्यास १६ इंच. ९१ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी योग्य. निर्मितीचे चार अंक ३५२३ असतील तर टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलण्याची वेळ झाली.

एवढी माहिती घेऊन आम्ही पितापुत्र मागच्या गल्लीतील दुकानात गेलो. वृद्ध मालकाने आमचे जुने टायर पाहिले, गाडी रोज कोठे जाते ते विचारले आणि दोन टायर काढून दाखविले. मी वाकून तारखेचे अंक वाचू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "सार, बघा, नीट बघा. बघणारे गिऱ्हाईक मला आवडते." हिशेब केला तेव्हा पडद्यावरील किमतीपेक्षा ही रक्कम अधिक होती, पण वर मांडलेल्या दारातल्या किमतीपेक्षा खूपच कमी. जुनी चाके तशीच ठेवली. बसविणे, तोल साधणे आणि व्हील अलाइनमेंट त्यात आले.

तीन आठवड्यांनी मुलाला गाडीचे स्टिअरिंग वेगात थरथरत असल्याचे जाणवले. दुकानदाराने चाक उतरविले, पुन्हा तोल साधला, तरी थरथर जाईना. तेव्हा त्याने काही न बोलता तो टायर काढून दुसरा नवा चढविला. सदोष टायर कंपनीकडे पाठविण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. आम्हांस त्यासाठी एक पैसा पडला नाही, अर्धा तास तेवढा गेला. हाच टायर परदेशातून आला असता तर आम्ही त्याची छायाचित्रे काढून कोणाला तरी पत्रे लिहीत बसलो असतो, आणि गाडी रोज त्याच टायरवर धावत राहिली असती. तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर मोटार रस्त्याला टेकलेली असते, आणि त्या गाडीतून माझी नात शाळेत जाते.

या साऱ्यात आणखी एक गंमत आहे. ज्या शहरात बसून आम्ही परदेशी टायर धुंडाळीत होतो, ते शहरच टायरांचे आहे. १९४६ साली के. एम. माम्मेन माप्पिळ्ळै यांनी मद्रासच्या तिरुवोट्टियूर भागात खेळण्यातले फुगे बनविण्याचा उद्योग सुरू केला. त्यातूनच एमआरएफ ही कंपनी उभी राहिली, १९६१ पासून टायर बनवू लागली आणि १९६७ साली तिने अमेरिकेस टायर पाठविले. आज श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या परिसरात इतर कंपन्यांचेही टायर-कारखाने आहेत. आपल्या देशातून होणारी टायरांची निर्यात २०२१-२२ पासून दर वर्षी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक राहिली आहे. आमच्या भाच्याच्या देशातही भारतीय टायर मिळतात. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तेव्हा सुजाण वाचकहो, परदेशातून काही मागविण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. ही वस्तू माझ्या देशात आणण्यास कायद्याची मुभा आहे काय? भाडे, शुल्क, कर आणि चलनाचा दर धरून ती माझ्या दारात कितीला पडेल? ती माझ्या हवामानाला आणि माझ्या वापराला योग्य आहे काय? आणि बिघडली तर मी कोणाच्या दारात जाऊन उभा राहू? दुर्मीळ पुस्तक असेल, जुन्या कॅमेऱ्याचा येथे न मिळणारा सुटा भाग असेल, तर या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा अनुकूल येतील. मग खुशाल मागवावे. मिसिसागातील भाच्याला टायरांच्या बाबतीत ती एका वर्षी अनुकूल आली आणि दुसऱ्या वर्षी आली नाहीत. पेरुंगुडीत ती येणे शक्यच नव्हते.

गेल्या महिन्यात भाच्याचा दूरध्वनी आला तेव्हा मी त्याला टायरांची ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "मामा, मग त्या अलॉय व्हीलचे काय झाले?" मी म्हटले, ती अजून पडद्यावरच आहेत, आणि तेथे ती फार छान दिसतात.